वेनीने सोडलेले नऊ सेकंद

लुवेनिया टॉलिव्हर, सगळ्यांची वेनी, गेली आणि तिची हकिकत लिहायचं काम तिच्या धाकट्या बहिणीवर, रोझेटावर, येऊन पडलं.

अमेरिकेतल्या डेटन शहराच्या पश्चिमेला, माउंट हर्मनच्या चर्चमध्ये, माणूस गेलं की चार पानांची पत्रिका छापतात. वर फोटो, आत हकिकत: जन्म कुठे, बाप्तिस्मा कधी, नोकरी काय, आधी कोण गेले, मागे कोण राहिले. ती कुणी मोठ्याने वाचत नाही. प्रार्थना झाली की ऑर्गनवाला हळू आवाजात काहीतरी धरतो आणि सगळे जण माना खाली घालून आपापली पत्रिका मनात वाचतात. तेवढा वेळ चर्चमध्ये कागदांचा आणि नाकं ओढण्याचा काय तो आवाज. रोझेटाने अशा पत्रिका शेकड्यांनी वाचल्या होत्या, आणि वाचता वाचता त्यातल्या थापा हेरायची तिला सवय होती. दोन नवऱ्यांना कपड्यांसकट घराबाहेर काढणारी बाई पत्रिकेत 'प्रेमळ पत्नी' व्हायची. जन्मभर पाव्हण्यांकडे जेवलेला माणूस 'आतिथ्यशील'.

आता कागद तिच्याच पुढ्यात होता. समोर वेनीचा मुलगा रेजी बसला होता आणि त्याचं म्हणणं एकच होतं.

"झेटा मावशी, पहिल्याच ओळीत तिचं गाण्यांचं रेकॉर्ड टाक."

"तुझ्या आईला नको होतं."

"आईला स्वतःचा वाढदिवससुद्धा नको असायचा. तिचं ऐकलं असतं तर या घरात कधी केक आला नसता." तो पुढे वाकला. "जपानमध्ये लोक तिचं नाव जाणतात. आणि पत्रिकेत काय लिहिणार आपण? अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात भात वाढला?"

"वाढलाच ना."

"मावशी."

"लिहिते मी," रोझेटा म्हणाली. "तू फोटो बघ. तो चर्चच्या सहलीतला नको, त्यात तिचा डोळा मिटलाय."

तो उठून गेला. रोझेटाने लिहिलं: जन्म १९५८. बाप्तिस्मा नवव्या वर्षी. शाळा संपली १९७६. तिथे पेन थांबलं.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला डेटनच्या पश्चिम भागात प्रत्येक गल्लीत फंकचा, म्हणजे पाय थिरकवणाऱ्या ठेक्याच्या संगीताचा, एक बँड होता. कारखान्यातून सुटलेली पोरं गॅरेजचं दार वर करायची आणि आठ-आठ जण आत घुसायचे: गिटारी, तुताऱ्या, ऑर्गन, चंदेरी बूट, साटिनचे झगझगीत कपडे. टॉलिव्हरांच्या गॅरेजमध्येही आधी पाच जण होते. मग गिटारवाल्या चुलतभावाला आठ जणांच्या बँडने पळवलं, त्याच्यामागे ऑर्गनवालाही गेला. उरल्या तिघी: बेस, म्हणजे जाड तारांची खर्जातली गिटार, वाजवणारी वेनी, ड्रमवर एकोणीस वर्षांची रोझेटा, आणि गाणारी मामेबहीण पॅट्रिस. पॅट्रिसच्या एका हातात गुरांच्या गळ्यातली घंटा असायची, ती काठीने वाजवायची. बस. एवढंच सामान.

हॉलमध्ये सामान लावलं की पुढच्या रांगेतून कुणीतरी हटकून विचारायचं, "पोरींनो, बाकीचा बँड कधी यायचाय?"

"आलाय की," पॅट्रिस सांगायची, "तुमचे डोळे तपासून घ्या."

नवीन गिटारवाला शोधू, असं रोझेटा म्हणत राहिली. वेनीने शोधला नाही. ती जसा स्वयंपाक करायची तसाच बेस वाजवायची. घेवड्यात मीठ, मिरी आणि डुकराच्या मानेचं हाड, चौथी वस्तू घातली तर चव हाडाची राहत नाही असं तिचं मत. गाण्यात तिचे तीनच सूर असायचे. चौथा कधी आलाच तर ऐकणारा दचकायचा.

दोघी बहिणी वाजवायला शिकल्या होत्या माउंट हर्मनमध्येच. तिथे रविवारी गाणं चढत जायचं, आणि चढता चढता कुणावर तरी पवित्र आत्मा उतरायचा. मग बाई उठून पाय आपटत नाचू लागे, पुरुष हात वर करून रडे. वाजवणाऱ्यावर उतरला तर वाजवणाराही हात वर करी, त्याला कुणी बोल लावत नसे. फक्त ड्रमवाल्याला ती सूट नव्हती. त्यांच्या आईने नऊ वर्षांच्या रोझेटाला हातात काठ्या देतानाच बजावलं होतं, "काय वाट्टेल ते होऊ दे, तू थांबायचं नाहीस. ज्याच्यावर उतरलाय तो तुझ्या ठेक्यावर उभा असतो. तू थांबलीस तर तो पडेल."

बारा वर्षं वेनीने तिथे, चर्चमधल्या मानाच्या बाई मदर स्पिअरमन यांच्या देखत, बेस वाजवला. शेजारच्या बाकावरच्या बायांवर उतरला, ऑर्गनवाल्यावर उतरला, एकदा पाहुण्या पाद्रींच्या ड्रायव्हरवरसुद्धा उतरला. वेनी खाली बघून आपले तीन सूर वाजवत राहिली.

रेकॉर्ड झालं ते एका टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानाखालच्या तळघरात, एका दिवसात, आठ गाणी. दुकानाचा मालकच टेप फिरवायचा. ड्रमचा आवाज सगळीकडे पसरतो म्हणून त्याने रोझेटाला जुन्या कोळशाच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं, कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकू तेवढं येत होतं. पाचवं गाणं 'बेअर फ्लोअर'. गॅरेजमधला गालिचा कुजला म्हणून काढून टाकला होता, त्या उघड्या जमिनीवर बसवलेलं गाणं. त्याच्या ऐन मध्यावर बेस बंद पडला. पॅट्रिसही दचकून थांबली. रोझेटाला वाटलं, तार तुटली असेल, नाहीतर वायर निसटली असेल. पण हात आईने शिकवलेले. ते चालत राहिले. चार आवर्तनं, नऊ सेकंद, एकटा ड्रम. मग वेनी अगदी जागेवर, केसाचाही फरक न पडता, परत आली.

टेपवाला म्हणाला, "हे असंच राहू दे."

रोझेटा चिडली. परत येताना गाडीत तिने विचारलं, "झालं काय होतं तुला?"

"विसरले," वेनी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

महिन्याभरात तिने बँड सोडला. बेस गॅरेजच्या माळ्यावर टाकला आणि चर्चच्या दारातल्या बायांमध्ये नाव घातलं: पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, येणाऱ्याला जागा दाखवायची, ज्याच्यावर उतरेल त्याला सावरायचं. रोझेटाने वर्षभर अबोला धरला. पॅट्रिस अटलांटाला निघून गेली. 'बेअर फ्लोअर' नावाची ती काळी तबकडी न्यूयॉर्कच्या दोन-चार दुकानांत गेली, संपली, विषय मिटला.

मिटला कुठला. सहा-सात वर्षांनी रोझेटा पालिकेची बस चालवायला लागली, वरच्या विजेच्या तारेवर चालणारी. ती बस आवाज करत नाही, त्यामुळे शेजारच्या गाड्यांत काय वाजतंय ते स्वच्छ ऐकू येतं. एका सिग्नलला तिने स्वतःचे हात ऐकले. कुणी न्यूयॉर्कच्या पोराने ते नऊ सेकंद कापून, जोडून, पुन्हा पुन्हा फिरवून त्यावर आपली रॅपची बडबड घातली होती. मग दुसऱ्याने घातली. मग शंभर जणांनी. ते बुटांच्या जाहिरातीत आलं, लग्नाच्या हॉलमध्ये आलं, रेजीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आलं. वाजवणाऱ्या नव्या मुलांनी गाण्यातून सामान काढून टाकायला सुरुवात केली, आणि ते म्हणत, आम्ही हे त्या तीन मुलींकडून शिकलो.

एकदा विद्यापीठातली एक मुलगी वेनीच्या घरी आली, वही घेऊन. बहिणींचा अबोला तेव्हा कधीच संपला होता. मुलीने विचारलं, "त्या रिकाम्या जागेची कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

"माझा कॉर्नब्रेड ओव्हनमध्ये आहे," वेनी म्हणाली आणि आत गेली ती आलीच नाही.

मुलगी रोझेटाकडे बघत राहिली. पेन उघडं होतं. चहा निवत होता. आणि रोझेटाच्या तोंडून गेलं, "मीच सांगितलं होतं तिला. म्हटलं, इथे हात काढ, मला एकटीला वाजवू दे."

ते पुस्तकात छापून आलं. पुस्तकात आलं म्हणून वर्तमानपत्रात आलं. मग रोझेटा बसमध्येही सांगू लागली. मागच्या सीटवर कुणा पोराच्या फोनवर ते वाजलं की आरशात बघून म्हणायची, "तो हात माझा आहे, आणि ती जागाही माझीच." कुणी वेनीसमोर विषय काढला तर वेनी म्हणायची, "झेटाला विचारा. तिच्या बरोबर लक्षात असतं." रोझेटाला ते ऐकून बरं वाटायचं नाही. पण वाईट वाटावं असंही त्यात काही पकडता यायचं नाही.

मार्चमध्ये डॉक्टरांनी वेनीच्या पोटातला आजार आता औषधापलीकडे गेल्याचं सांगितलं. रोझेटा रोज दुपारी ड्यूटी संपवून तिच्याकडे जायची. त्या दिवशी वेनीला कोलार्डची भाजी हवी होती. खायला नाही, दोन घासांनंतर ती ताट सरकवायची. निवडायला. दोघी टेबलाशी बसून जाड पानांचे देठ ओढून काढत होत्या.

"पत्रिकेत ते रेकॉर्ड घालू नकोस," वेनी म्हणाली.

"आत्तापासून कसली पत्रिका?"

"झेटा, मी मरतेय, बहिरी होत नाहीये. काल रेजी फोनवर बोलत होता. टीशर्ट छापणार म्हणे. तेही नको. माझा चेहरा कुणाच्या पोटावर नको."

"बरं, टीशर्ट नको. पण रेकॉर्ड का नको? लाज वाटते?"

"रेकॉर्डची कशाला वाटेल? चांगलं होतं." वेनीने एक पान उजेडात धरून कीड बघितली. "पण ते घातलंस तर तेही घालावं लागेल, तूच मला थांबायला सांगितलंस ते."

रोझेटाने निवडलेलं पान देठांच्या ढिगात टाकलं.

"पाणी बदल," वेनी म्हणाली. "वाळू राहिलीये."

रोझेटा उठली. तिने पातेलं रिकामं केलं, नळ सोडला, पातेलं पुन्हा भरलं. पाठ वळवलेली होती तेव्हाच तिला विचारता आलं. "मग का थांबलीस? तू तर म्हणालीस विसरले."

"मी काही विसरले नव्हते. हात वर गेले."

रोझेटाला आधी कळलंच नाही. मग कळलं, तशी ती ओल्या हातांनी वळली. "तिथे?"

"तिथे. त्या तळघरात. टेपवाल्याच्या बिअरच्या बाटल्या होत्या टेबलावर, भिंतीवर नागड्या बाईचं कॅलेंडर. मी काही मागितलं नव्हतं. गाणं कमरेचं, शब्द पॅट्रिसचे, ते मी तुला सांगायला नको. आणि उतरला. नखापासून वर. बेस गळ्यात लटकत होता आणि माझे दोन्ही हात वर." ती पान निवडत राहिली. "टेपवाल्याला वाटलं, मी त्याला थांबवायची खूण करतेय."

"वेनी, मग चर्चमध्ये सांगायचं नाही का?"

"काय सांगू? मदर स्पिअरमनना सांगू? की बारा वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत वाजवलं, शेजारणीवर उतरला, ड्रायव्हरवर उतरला, माझ्यावर नाही, आणि उतरला तो 'हलव गं हलव'वर?" ती हसली. हसण्याने तिला दुखलं. थोडा वेळ ती टेबलाची कड धरून बसली. "म्हणून मी सोडला बँड. म्हटलं, तळघरात आला, मग त्याच्या स्वतःच्या घरी येणारच. दारातच उभं राहावं, म्हणजे चुकामूक नको. सदतीस वर्षं, झेटा. लोकांचे चष्मे काढून ठेवले, खाली पडणाऱ्या बायांचे झगे सारखे केले, वारा घातला. माझ्याकडे वळून नाही बघितलं त्याने."

बाहेरून एक गाडी गेली, काहीतरी वाजवत. ते दुसरंच काही होतं. तरी दोघींनी कान दिला.

"ते वाजत जातं तेव्हा काय करतेस?"

"खिडकी लावून घेते."

रोझेटा पातेलं घेऊन येऊन बसली. तिला म्हणायचं होतं की मी खोटं बोलले, पुस्तकात बोलले, बसमध्ये बोलले, वीस-पंचवीस वर्षं बोलले. ती म्हणाली, "मला दिसत नव्हतं तिथून. मी आपली ठोकत राहिले."

"ठोकत राहिलीस," वेनी म्हणाली. "थांबली नाहीस. मी तुझ्यावर उभी होते. म्हणून तर बाकीचं काय सांगत सुटलीस त्याबद्दल मी कधी बोलले नाही."

तीन आठवड्यांनी ती गेली.

आता कागदावर '१९७६' होतं आणि त्यापुढे काय लिहायचं हा प्रश्न होता. रेकॉर्ड लिहावं तर वेनीचा शब्द मोडतो. आणि लिहिलंच तर वाचणारा प्रत्येक जण मनात पुढची ओळ स्वतःच घालणार, ती जागा झेटाने सुचवली, सगळ्या गावाला पाठ होती. खरं लिहावं तर ते वेनीने जन्मभर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि १९७६ नंतर एकदम शाळेचं स्वयंपाकघर आणावं, तर ते तळघर कधी झालंच नाही असं होतं. रोझेटा चहा निवेपर्यंत बसली. मग तिने चार ओळी सोडल्या आणि खाली लिहिलं: 'सन १९८२ पासून अखेरपर्यंत माउंट हर्मनच्या दारात सेवा केली.'

दुसऱ्या दिवशी दफनसंस्थेतून छपाईवाल्या बाईचा फोन आला. "मिस टॉलिव्हर, आतल्या पानावर चार ओळी रिकाम्या राहिल्यात. तिथे जोडलेल्या हातांचं चित्र टाकू? कबुतर पण आहे आमच्याकडे."

"काही नको."

"एखादं वचन तरी? कोरं दिसलं तर लोक म्हणतील आमची चूक."

"म्हणू देत. कोरंच ठेवा. ओळी वर सरकवू नका."

शनिवारी सकाळी चर्च भरलं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाया एका रांगेत बसल्या होत्या. मागे चार-पाच अनोळखी तरुण होते, रेकॉर्डमुळे आलेले, काळ्या कपड्यांत अवघडलेले. प्रार्थना झाली. ऑर्गनवाल्याने हळू आवाजात धरलं आणि पानं उलटली. रोझेटाने वाचलं नाही, तिने लोकांकडे बघितलं. डोळे ओळींवरून खाली येत होते आणि एका जागी थबकत होते. काहींनी पान उलटून मागे काही छापलंय का बघितलं. स्वयंपाकघरातल्या एकीने शेजारणीची पत्रिका ओढून ताडून पाहिली. रस्त्यावरून एखादी गाडी ते वाजवत जाईल असं रोझेटाला सारखं वाटत होतं. एकही गेली नाही.

नव्वदीच्या मदर स्पिअरमन पुढच्या बाकावर होत्या. त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवून मागे वळून विचारलं, "इथलं गळलंय का गं?"

"नाही, मदर. तेवढं तिचं आहे."

मदर स्पिअरमननी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि बोट खालच्या ओळीवर नेलं.

दफनानंतर खालच्या हॉलमध्ये जेवण होतं: तळलेली कोंबडी, मॅकरोनी, तीन बायांनी आणलेले तीन केक. रेजी ताट न घेता रोझेटासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पत्रिकेची सुरळी झाली होती.

"तू आईला अर्धी पुसून टाकलीस."

"बस."

"ते मागचे पोरगे शिकागोहून गाडी चालवत आलेत. त्यांना वाटलं, चुकीच्या बाईच्या दफनाला आलो."

"रेजी, बस आणि ऐक. ती जागा माझी कल्पना नव्हती. मी तिला थांब म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्या खोलीत होते, मला दिसतही नव्हतं. पुस्तकात आहे ते खोटं आहे, मी सांगितलेलं. तुला लहानपणापासून सांगितलं तेही."

तो बसला. त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिला ताटात बघावं लागलं.

"आईला माहीत होतं, तू सांगत फिरतेस ते?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली नाही." त्याने सुरळी टेबलावर ठेवली, ती हळूहळू उलगडली. "मग ती थांबली कशाला?"

"ते तिचं तिने सांगायचं होतं," रोझेटा म्हणाली. "मला सांगितलं, ते मी आता नाही वाटणार. एवढी वर्षं नको ते वाटलंय."

रेजीने उलगडलेली पत्रिका तळव्याने सपाट केली. मग त्याने तिच्या ताटातली कोंबडीची तंगडी उचलली आणि खाऊ लागला, डोळे पुसत. माफ केलं की नाही ते तिला कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

सोमवारी ती कामावर गेली. दुपारी शाळा सुटल्यावर मुलं चढली आणि मागच्या सीटवर कुणाच्या तरी फोनवर ते सुरू झालं. आरशात एक पोरगी मान डोलावताना दिसत होती. रोझेटा काही बोलली नाही. मूळ तबकडीत नऊ सेकंद संपले की वेनी परत येते, तीन सूर, अगदी जागेवर. रोझेटाचा पाय बिनआवाजाच्या बसमध्ये नकळत ठेका धरत होता आणि ती आवर्तनं मोजत होती. एक, दोन, तीन, चार. फोनमधल्या तुकड्यात मात्र पुन्हा पहिल्यापासून एकटा ड्रम सुरू झाला. तिने परत मोजलं. थांबा आला, तिने दार उघडलं. कुणी उतरायचं नव्हतं, कुणी चढायचं नव्हतं. तरी चार आवर्तनं होईपर्यंत तिने दार उघडं ठेवलं, आणि मग लावलं.